पालखी थांबेपर्यंत: तेओच्यू ढोलाची गोष्ट

(हा आमच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना सुटलेली चिनी नावं इथं नीट वाचता येतील. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जमतील तेवढे काढलेत, सगळे निघालेले नाहीत.)

आज सुरुवात एका आवाजानं.

(इथं चाळीस सेकंदांचा तुकडा वाजला. साध्या फोनवरचं रेकॉर्डिंग आहे, त्यामुळे मोठे ठोके जरा फाटतात.)

ऐकलंत? आधी एकटा ढोल, मग एकदम दहा-पंधरा धातूची वाद्यं, आणि त्यांच्या खाली तो ‘भोंऽऽम’ असा लांबत जाणारा आवाज. हे मी सिंगापूरला टिपलं. कामानिमित्त तिथं राहत होते तेव्हाची गोष्ट. सरकारी इमारतींच्या वसाहतीत एक मोकळं मैदान होतं. देवाच्या वाढदिवसासाठी तिथं तात्पुरता मांडव घातला होता. पालखी येत होती. समोर ढोल वाजत होता, आणि ढोल वाजवणारा माणूस आमच्याकडे, म्हणजे बघ्यांकडे, एकदाही बघत नव्हता. त्याची नजर पालखीवर. पालखी डुलायला लागली की ढोल चढायचा. खांदे बदलायला ती जरा अडली की ढोल तिथल्या तिथं पाय बदलत राहायचा. शेवटी पालखी मांडवाच्या दारात टेकली, त्यानं टिपरू वर उचललं, आणि अख्खं पथक एका क्षणात गप्प.

मी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणीच वाजवल्या नाहीत.

शेजारी एक आजोबा उभे होते. तिथं अशा माणसांना सगळे ‘अंकल’च म्हणतात. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “तुझ्यासाठी नव्हतं ते.”

रागानं नाही म्हणाले, माहिती दिल्यासारखं म्हणाले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझ्यासाठी नव्हतं, तर कुणासाठी? देवासाठी, हे उत्तर सोपं आहे. पण या ढोलाचा गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की ‘कुणासाठी वाजवायचं’ या एका प्रश्नावरच तो सगळा इतिहास फिरतो. आजचा भाग त्याच्यावर.

हे तेओच्यू कोण?

नकाशा उघडा. हाँगकाँग सापडलं? तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं ईशान्येकडे सरका. ग्वांगदोंग प्रांत संपत येतो तिथं, हान नदीच्या मुखाशी, तीन शहरं जवळजवळ आहेत: चाओझोउ, शानतोउ आणि जिएयांग. चाओझोउचा तिथल्या बोलीतला उच्चार तेओच्यू. माणसांनाही तेच नाव आणि भाषेलाही तेच. गंमत म्हणजे ही माणसं ग्वांगदोंगची असूनही त्यांची भाषा कँटोनीज नाही. ती शेजारच्या फूज्येन प्रांतातल्या होक्क्येनची सख्खी बहीण.

जमीन थोडी, माणसं फार, आणि दारात समुद्र. मग काय होणार? अठराव्या शतकात इथल्या झांगलिन बंदरातून लाल रंगवलेल्या नाळेची जहाजं सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, तांदूळ आणायला जायची. त्यांना लाल डोक्याची जहाजंच म्हणत. 1767 ते 1782 या काळात सयामवर राज्य केलेल्या ताकसिन राजाचे वडील तेओच्यू होते, यावरून ये-जा किती होती ते समजा. पुढे 1860 मध्ये शानतोउ बंदर परदेशी व्यापाराला उघडलं आणि स्थलांतराला वेग आला. आज थायलंडमधल्या चिनी वंशाच्या लोकांत तेओच्यूंचा गट सर्वांत मोठा आहे. सिंगापूरमध्ये होक्क्येननंतर त्यांचाच नंबर.

जाणाऱ्या माणसानं बरोबर काय नेलं? एक छोटी पुडी: गावच्या देवळातल्या धूपाची राख. नव्या जागी त्या राखेवर नवं धूपपात्र मांडायचं, म्हणजे देव आला. आणि देव आला की त्याचा वाढदिवस आला, वाढदिवस आला की मिरवणूक आली, आणि मिरवणूक आली की ढोल आलाच.

वाद्यं आणि तोंडपाठ

आता जरा वाद्यांकडे. तेओच्यूत या प्रकाराला ‘तुआ लो-कोउ’ म्हणतात. तुआ म्हणजे मोठं, लो म्हणजे गाँग, कोउ म्हणजे ढोल. मी ढोल म्हणतेय, पण कमरेला बांधलेला आपला ढोल डोळ्यांसमोर आणू नका. हा पिंपासारखा, उभा ठेवलेला, चामड्याचं तोंड आकाशाकडे. दोन टिपऱ्यांनी वरून वाजवायचा. मधोमध मारलं की एक आवाज, कडेला मारलं की दुसरा. एका हातानं चामडं दाबून धरलं की तिसराच.

त्याच्याभोवती तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचं अख्खं कुटुंब. हातात धरायचे छोटे गाँग, टांगलेले मोठे गाँग, लहान-मोठ्या झांजा. आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे ‘शेनबो’. रुंद आणि खोल काठाचा हा गाँग कर्कश वाजत नाही, घुमतो. मघाशी तुम्ही ऐकलेला ‘भोंऽऽम’ याचाच. वर सूर धरायला सुओना असते. हे नाव ओळखीचं वाटत नाही ना? पण ते फारसी ‘सुरना’चं चिनी रूप आहे आणि आपली सनई याच कुळातली. म्हणजे तोंडात पत्ती धरून, गाल फुगवून फुंकायचं हे वाद्य बघून मला ते परकं वाटलं नाही, ते उगाच नाही.

या पथकाला कंडक्टर नसतो. म्हणजे असतो, पण तो वाजवतो. ढोलवाला हाच प्रमुख. त्याचं टिपरू कुठं थांबलं, खांदा कसा वळला, डोळे कुणाकडे गेले, यावरून बाकीच्यांना कळतं की पुढं काय येणार. त्यामुळे तेओच्यू ढोलवाल्याच्या हालचाली बघायला नाटकी वाटतात. नाटकी आहेतच, पण त्या शोभेसाठी केलेल्या नाहीत. त्या सूचना आहेत.

आणि ‘नाटकी’ हा शब्द इथं शब्दशः खरा आहे. या संगीतातल्या मोठ्या रचना जुन्या नाटकांतून आल्यात. अशा अठरा रचनांचा पारंपरिक संच मानला जातो. ग्वान यू हा सेनापती पाच नाकी ओलांडून जातो, त्याची एक. छिन छ्योंग हा योद्धा काशाचा ध्वज पाडतो, त्याची एक. नट नाहीत, संवाद नाहीत, नुसता ढोल आणि गाँग. तरी ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला घोडा कुठं दौडतो आणि कुठं थबकतो ते ऐकू येतं.

या बैठ्या रचना झाल्या. दुसरा प्रकार चालत वाजवायचा, मिरवणुकीचा. हा लक्षात ठेवा, कारण आपली गोष्ट याच्यावर येणार आहे. यात वळसे घालून पुन्हा तिथंच येणारे तुकडे असतात. किती वेळा यायचं? रस्ता असेल तेवढ्या वेळा.

हे शिकतात कसं? आधी तोंडानं. प्रत्येक आवाजाला एक अक्षर असतं. तबला शिकलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. आधी बोल म्हणायचे, टाळी धरायची, हात नंतर. सुरांसाठी तेओच्यूंची स्वतःची एक जुनी लिपी आहे. तिला ‘दोन-चार’ लिपी म्हणतात, कारण त्यात स्वर आकड्यांनी लिहितात, दोनपासून आठपर्यंत. आणि हे आकडे म्हणायचे तेओच्यूत. त्यातही एक खुबी आहे. तंतुवाद्यावर ‘तीन’ आणि ‘सहा’ हे स्वर हलके घेतले तर धून खेळकर होते. तेच स्वर तार दाबून भारी केले की तीच धून गंभीर. कागदावर आकडे तेच राहतात. बोट किती दाबायचं ते गुरूच्या बोटाकडे बघूनच कळतं.

देवळाचं काम

आता देवळात जाऊ. पण तिथं जाण्याआधी ‘ताओ धर्म’ या शब्दाबद्दल थोडं. आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर एखादा ग्रंथ किंवा डोंगरावरचा साधू येतो. गावातला ताओ धर्म त्याहून फार गजबजलेला आहे. उत्तर दिशेचा अधिपती श्वानत्यान शांगदी, ज्याच्या पायाखाली कासव आणि साप असतात. समुद्रावरच्या माणसांना सांभाळणारी माझू देवी. शिवाय प्रत्येक गावाचे आपापले देव. तेओच्यू लोक त्यांना ‘लाओ-या’ म्हणतात. अर्थ साधारण ‘मालक’ किंवा ‘धनी’ असा. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात गावोगाव या धन्यांना देवळाबाहेर काढून हद्दीतून फिरवतात. पुढे भरजरी निशाणं, मागे पालख्या, आणि बरोबर लो-कोउ.

हा सोहळा घड्याळावर चालत नाही. पालखी प्रत्येक दारी थांबणार, लोक धूप लावणार, फटाके उडणार. चेंगहाय भागातल्या यानझाओ गावात तर देवाला ओढून खाली पाडायची प्रथा आहे! एक गट मूर्ती सांभाळतो, दुसरा ती खेचायला बघतो. कधी संपणार हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून मिरवणुकीच्या ढोलवाल्याला ‘रचना संपवणं’ माहीत असून भागत नाही, ‘न संपवणं’ यावं लागतं. तो वाट बघत वाजवतो. मला हीच त्याची खरी विद्या वाटते.

देवळासमोर नाटक असेल तर तेही देवासाठीच. रंगमंचाचं तोंड देवळाकडे. पहिला प्रेक्षक गाभाऱ्यात बसलेला. मुख्य नाटकाआधी काही छोटे मंगल प्रवेश करावेच लागतात. त्यांपैकी एकात तांग घराण्याचा सम्राट मिंगह्वांग येऊन रंगमंच शुद्ध करतो. प्रेक्षकांत एकही माणूस नसला तरी हे होतं. आणि तिथंही ताबा ढोलवाल्याचा.

तारखा चांद्र असल्यामुळे आपल्या पंचांगाशी कधीकधी गाठ पडते. आग्नेय आशियातल्या ताओ देवळांत नऊ सम्राट देवांचा नऊ दिवसांचा मोठा उत्सव होतो. पांढरे कपडे, शाकाहार, समुद्रावरून देवांना आणणं आणि पोचवणं. तो चिनी नवव्या महिन्याच्या प्रतिपदेला सुरू होतो आणि पुष्कळदा ती आपली घटस्थापना असते. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरलाच होते. 2025 मध्ये मात्र चिनी पंचांगात अधिक महिना पडला आणि तो उत्सव महिनाभर पुढं गेला. नात्याबित्याचा संबंध नाही हं. चंद्र एकच आहे, एवढंच.

शांत समुद्राचं देऊळ

सिंगापूरमध्ये फिलिप स्ट्रीटवर एक ठेंगणं देऊळ आहे. चहूबाजूंनी बँकांचे मनोरे, मध्ये हे. तेओच्यूत नाव ‘वाक हाय चेंग बिओ’. ढोबळ अर्थ, ग्वांगदोंगच्या माणसांसाठी समुद्र शांत ठेवणारं देऊळ. सध्याची वास्तू 1850 च्या दशकातली. आत दोन जोडदेवळं: एक माझूचं, एक श्वानत्यान शांगदीचं. जहाजातून उतरलेला माणूस आधी इथं यायचा, कारण तो जिवंत पोचला होता. तेव्हा समुद्र या देवळाच्या अगदी जवळ होता. पुढं भराव पडत गेले आणि किनारा लांब गेला.

देवळाचा कारभार न्गी आन कोंगसी या संस्थेकडे. ती 1845 मध्ये स्याह यू चिन आणि इतर तेओच्यू व्यापाऱ्यांनी स्थापली. हा स्याह गँबियरचा बडा मळेवाला. गँबियर म्हणजे कातडी कमवायला आणि रंगाला लागणारा एक वनस्पतीचा अर्क. त्याच्या आणि मिरीच्या मळ्यांवर राबणारे मजूर बहुतेक तेओच्यू होते. वर्षभर मळ्यात, आणि सणाला देवळापुढं. ज्या माणसाचं गाव समुद्रापलीकडे राहिलंय, त्याला आपली बोली हजारो लोकांच्या तोंडून एकाच जागी ऐकू यायची ती तेव्हा.

पुढं शहरात पैसा आला तशी हौशी संगीत मंडळं निघाली. अर वू 1912 मध्ये, थाउ योंग 1931 मध्ये. दिवसभर दुकानाचा गल्ला सांभाळायचा आणि संध्याकाळी तालीम करायची, अशी माणसं. ही दोन्ही मंडळं कित्येक दशकं टिकली, यातच त्यांचं महत्त्व आलं.

दोन सरकारं, एकच रंगमंच

आता कथेला वळण. आधी चीन.

1949 नंतर देवांच्या मिरवणुका ‘अंधश्रद्धा’ ठरल्या. पण ढोलाचं काय करायचं? ढोल तर लोकांचा. मग ढोलाला देवळातून उचलून रंगमंचावर आणलं गेलं. सेनापती आणि सम्राटांच्या जोडीला नवे विषय आले. 1957 मध्ये मॉस्कोला जागतिक युवक महोत्सव भरला होता. तिथं तेओच्यू लो-कोउची एक रचना सादर झाली. विषय: जाळं टाकून मासे पकडणारे कोळी. तिला सुवर्णपदक मिळालं.

मला या पदकाची चेष्टा करायची नाही. रचना जोरदार आहे, ऐकाच. पण बदल काय झाला तो बघा. रंगमंचावर रचनेला सुरुवात आणि शेवट लागतो. मिनिटं ठरवावी लागतात. शेवटाला टाळी यावी म्हणून चढ लागतो. पालखीची वाट बघण्याची विद्या तिथं निरुपयोगी ठरते, कारण पालखीच नाही.

आणि रंगमंचानं कायमचं संरक्षण दिलं असंही नाही. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि पुढची दहा वर्षं देवळं फोडली गेली, उत्सव बंद झाले, जुनी नाटकं बंद झाली. 1978 नंतर हवा बदलली. 1980 च्या दशकात चाओशान भागातली देवळं पुन्हा उभी राहायला लागली, त्यात परदेशी गेलेल्या तेओच्यूंचा पैसा मोठा होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी राखेची पुडी बाहेर गेली होती, तिचं व्याज परत आलं म्हणा.

आता सिंगापूर. इथं देवळं कुणी फोडली नाहीत. सगळं नियमानं, शांतपणे झालं. 1972 मध्ये फटाक्यांवर पूर्ण बंदी आली. कारण खरं होतं, माणसं मेली होती. मग नववर्ष सुनं वाटायला नको म्हणून 1973 पासून सरकारी पुढाकारानं ‘चिंगे’ नावाची शोभायात्रा सुरू झाली. हे नाव कुठलं? देवळांच्या जुन्या मिरवणुकांचं. नाव घेतलं, देव मागं राहिला.

1979 मध्ये ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू झाली. चिनी वंशाच्या सगळ्यांची एकच सामाईक भाषा असावी, हा हेतू. तेओच्यू, होक्क्येन, कँटोनीज यांना ‘बोली’ म्हणून बाजूला काढलं आणि काही वर्षांत रेडिओ-टीव्हीवरून त्यांतले कार्यक्रम जवळजवळ गेले. ज्या भागाला लोक तेओच्यूत ‘आउ-कांग’ म्हणायचे, त्याचं मँडरिन उच्चाराचं नाव आज सरकारी पाटीवर आहे: हौगांग. घरात आजी एक भाषा बोलते, नातू दुसरी, आणि मधले आई-बाबा दुभाषे. ही वेळ त्या घरांवर एका पिढीत आली.

त्याच वर्षांत गावठाणं उठली आणि उंच इमारती आल्या. गावाबरोबर गावदेऊळही उठलं. अनेक देवळांना जमीन परवडेना, म्हणून तीन-चार देवळं एका छपराखाली आली, तीही भाडेपट्ट्यानं. आता मला सांगा, देवाला हद्दीतून फिरवायचं, पण हद्द कुठली? जुन्या गावाची पानं देशभर विखुरलेली. म्हणून आज पालखी कित्येकदा लॉरीतून जाते. ढोल दुसऱ्या लॉरीत. परवाना काढायचा, रस्ता ठरवून घ्यायचा, वेळेत आवरायचं. सातव्या महिन्यात, म्हणजे तिकडच्या पितरांच्या महिन्यात, नाटकाऐवजी झगमगाटी गाण्यांचे कार्यक्रम जास्त व्हायला लागले. त्या कार्यक्रमांनाही पहिली रांग रिकामी ठेवतात, न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी. तेवढं मात्र बदललेलं नाही.

एका देशात क्रांती, दुसऱ्या देशात विकास. रस्ते पूर्ण वेगळे. पण ढोलाला दोघांनीही एकाच ठिकाणी नेऊन ठेवलं: रंगमंचावर, ठरलेल्या मिनिटांत, टाळ्यांसमोर. 2006 मध्ये चीननं आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत तेओच्यू संगीत घातलं. ज्या वाद्यांच्या मिरवणुका एकदा बंद पाडल्या होत्या, तीच वाद्यं आता वारसा. हे चांगलंच झालं, यात वाद नाही. यादीत नाव आलं की पैसा येतो, शिकवणी सुरू होते, पोरं येतात. तेओच्यूंचं यिंगगे नृत्य, ते रंगवलेले चेहरे आणि हातात आखूड दांडके, तुमच्यापैकी काहींनी रीलवर पाहिलंही असेल. त्यामागं वाजतो तोही ढोल आणि गाँगच.

मग बिघडलं कुठं?

हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. संगीत टिकलंय, पदकं आहेत, पोरं शिकतायत. रडगाणं कशाला?

माझं म्हणणं असं आहे. देवळातलं संगीत हे काम करणारं संगीत आहे. पालखी उचलायला बळ देणं, वळणावर सगळ्यांचे पाय एकत्र ठेवणं, देव निघाला हे चार गल्ल्या पलीकडे कळवणं, आणि देव बसला की थांबणं. हे काम असतं तोवर ढोलवाल्याला शिकत राहावं लागतं, कारण दर वर्षी रस्ता वेगळा, खांदे वेगळे, पाऊस वेगळा. काम काढून घेतलं की उरते ती रचना. सुंदर, तयार, दर वेळी तशीच. वारशाच्या यादीत रचनेची नोंद करता येते. वाट बघण्याची नोंद कशी करणार?

याला उलट बाजूही आहे आणि ती सांगायला हवी. मंच नसता तर मधल्या कोरड्या वर्षांत हातच विसरले असते. हौशी मंडळांनी रंगमंचावर वाजवत वाजवत जे जपलं, त्याच हातांनी पुढं देवळात वाजवलं. म्हणजे मंच हा शत्रू नाही. ती धर्मशाळा आहे. मुक्काम करायला उत्तम, पण घर नव्हे.

त्या संध्याकाळी पालखी टेकल्यावर अंकलनी मला चहा दिला. ते पूर्वी शेनबो वाजवायचे, आता खांदा दुखतो. बाजूला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा झांजा घेऊन बसला होता. त्याचा एक तुकडा चुकत होता. अंकलनी त्याच्या हातातल्या झांजा काढून घेतल्या आणि त्याला तोंडानं म्हणायला लावलं. मुलगा इंग्रजीत कुरकुर करत होता, आईशी मँडरिनमध्ये बोलत होता, आणि ठोक्यांची अक्षरं मात्र अंकलसारखीच म्हणत होता, त्याच हेलात. माझ्या कानाला ती ‘तुंग’, ‘चे’, ‘क्वाँग’ अशी काहीतरी वाटली. चौथ्या वेळी बरोबर आलं. मग झांजा परत मिळाल्या.

मी विचारलं, त्याला तेओच्यू येतं का? अंकल म्हणाले, “जेवायला बोलावलेलं कळतं. आणि हे.”

वीस-पंचवीस अक्षरांनी भाषा वाचते असं मी म्हणणार नाही. तेवढी मी भाबडी नाही. पण शाळेनं आणि टीव्हीनं सोडलेली ती बोली त्या पोराच्या तोंडात कुणी सक्तीनं घातली नव्हती. पालखी यायची होती, झांज चुकून चालणार नव्हतं, म्हणून ती आली. काम होतं म्हणून आली.

आता माझ्या रेकॉर्डिंगबद्दल. तुम्ही सुरुवातीला ऐकलंत ते चाळीस सेकंद. त्याच्या आधीची वीस मिनिटं आणि नंतरचा तो थांबा, तो टिपरू वर गेल्यावरचा सन्नाटा, माझ्याकडे नाही. कारण मला वाटलं, जोरदार भाग मिळाला, बास. फोन खिशात टाकला. पालखी अडली तेव्हा ढोल जागच्या जागी कसा घुटमळत होता, ते मी तुम्हाला शब्दांत सांगतेय, ऐकवू शकत नाही. नेमकी तीच गोष्ट, जी यादीत मावत नाही, ती मीही कापून टाकली.

तर एक विनंती. तेओच्यू असो की तुमच्या गावची जत्रा, पुढच्या वेळी फोन काढलात तर रीलच्या लांबीला बंद करू नका. एकदा तरी पालखी टेकेपर्यंत चालू राहू द्या. मधला कंटाळवाणा भागही येऊ द्या. आणि कोण वाजवतंय, कुठून कुठवर, किती वेळ, हे शेवटी आपल्या आवाजात बोलून ठेवा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे असं न कापलेलं रेकॉर्डिंग असेल तर नक्की पाठवा. मी पूर्ण ऐकेन. भेटू पुढच्या भागात!